रत्न आणि कोंदण

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, नागपुराहून अमरावतीस जाणाऱ्या महामार्गावर तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव आहे. भोवतालचा मुलूख कापसाचा व संत्र्यांचा. अशा गावांतून कापूस विकून हाती पैसा आला आणि घरात लग्नकार्य निघाले, की सोनाराची आठवण होते. प्रत्येक घरी नवे सोनेच विकत घेतले जाते असे नव्हे. आजीची जुनी नथ, झिजलेली अंगठी, पदकातून निखळलेला एखादा खडा असा ठेवा फडक्याच्या गाठीत बांधून सोनारापुढे सोडला जातो. “रत्ने आमचीच आहेत. त्यांचा नवा दागिना घडवून द्या,” एवढेच सांगणे असते. ऐकावयास ही गोष्ट सोपी वाटते. परंतु सोनाराच्या कौशल्याची आणि सचोटीची खरी परीक्षा ह्याच कामात होते.

असे का बरे? सोने बिघडले तर ते पुन्हा मुशीत घालता येते. दहा वेळा मोडले, दहा वेळा आटवले, तरी त्यातून पुन्हा दागिना घडतो. रत्नाचे तसे नाही. त्यास एकदा चीर गेली, की ती कोणत्याही कारागिरास पूर्ववत सांधता येत नाही. दुकानातला खडा फुटला तर त्याच्यासारखा दुसरा आणता येईल. पण आजीने पन्नास वर्षे नाकात मिरवलेले माणिक फुटले, तर त्याची जागा दुसरे कोणते माणिक भरून काढील?

म्हणून चांगला सोनार हातोडीला हात घालण्यापूर्वी तराजूस हात घालतो. जुना दागिना आधी आहे तसा तोलावयाचा, मग त्यातील रत्ने अलगद काढून ती मोजावयाची आणि निराळी तोलावयाची, हा सरळ मार्ग होय. जुन्या पोकळ दागिन्यांत पुष्कळदा लाख भरलेली असते. तिचे वजन वगळले म्हणजे सोने नेमके किती ते कळते. पूर्वी ही तोलणी गुंजांनी होत असे. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. आज सोने ग्रॅममध्ये तोलतात व रत्ने कॅरटमध्ये. रत्नांचा एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. सोन्याच्या शुद्धतेसही कॅरट हाच शब्द वापरतात, परंतु त्याचा अर्थ वेगळा. २४ कॅरट म्हणजे शुद्ध सोने; २२ कॅरट सोन्यात चोवीस भागांपैकी बावीस भाग सोने व उरलेले दोन भाग तांबे, चांदी ह्यांसारख्या धातूंचे असतात. ही सारी वजने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत करून लिहून ठेवली, म्हणजे पुढे वादास जागा उरत नाही.

यानंतर रत्नांचा स्वभाव ओळखावा लागतो. सगळी रत्ने सारखी कठीण नसतात. कठीणपणा मोजण्याची एक पद्धत जर्मन शास्त्रज्ञ मोस ह्यांनी १८१२ मध्ये सुचवली. तीत हिऱ्याचा अंक १०, माणिक व नीलम ह्यांचा ९, तर पुष्कराजाचा ८ आहे. मोती व पोवळे फार मऊ. त्यांचे अंक ४ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतात. पाचू कठीण खरा, पण त्याच्या अंगात पुष्कळदा सूक्ष्म चिरा असतात. जोराचा दाब त्यास सोसत नाही. मोत्यास तर आच आणि तेजाब ही दोन्ही वर्ज्य. नथीचे सोने आटवावयाचे असेल, तर मोती आधी तारेतून उतरवून बाजूस ठेवलेच पाहिजेत.

आता कोंदणाकडे वळू. रत्न ज्या घरात बसते त्यास कोंदण म्हणतात. सोनार रत्नाचे माप घेतो, सोन्याची पातळ पट्टी त्याच्या घेराप्रमाणे वळवतो आणि ती दागिन्याच्या तळावर झाळून घट्ट करतो. विस्तवाचे हे सारे काम रत्न दूर ठेवूनच उरकावयाचे असते. दागिना थंड झाला, साफ झाला, म्हणजे मग रत्न घरात उतरवतात आणि पट्टीची कड चहूबाजूंनी थोडी थोडी दाबत रत्नावर आणतात. एकाच बाजूने जोर दिला तर रत्न तिरके होते किंवा त्याचा टवका उडतो. दाब कमी पडला तर ते पुढे निखळून पडते. कोंदण सैलही नको आणि आवळही नको. शेवटी जिल्हई दिली, की जुने माणिक नव्या अंगठीत झळकू लागते.

अचूक मापाचे हे महत्त्व संत नरहरी सोनार ह्यांच्या कथेतही दिसते. पंढरपूरच्या ह्या शिवभक्त सोनाराकडे एका सावकाराने विठ्ठलाच्या कमरेसाठी रत्नजडित करगोटा घडवावयास दिला. मापही त्यानेच आणून दिले. करगोटा एकदा लांब झाला, दुसऱ्यांदा आखूड. शेवटी नरहरी डोळ्यांस पट्टी बांधून स्वतः देवळात गेले. हातांना शंकराची चिन्हे लागत होती. पट्टी काढताच समोर विठ्ठल उभा होता. हरी आणि हर एकच, हा बोध त्यांस झाला, असे कथा सांगते. कारागिरांनी तिच्यातून आणखी एक गोष्ट घ्यावी: माप स्वतःच्या हाताने घेतलेलेच खरे.

रत्न हे न परतणारे धन आहे, ह्याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. नाशिकजवळील त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी ज्याचे नाव जोडले जाते, तो नस्सक हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला व पुढे लंडनला गेला. त्या वेळी तो सुमारे ९० कॅरटचा होता. अधिक झळाळी यावी म्हणून त्यास पुन्हा पैलू पाडण्यात आले. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन ह्यांनी त्यास आणखी एकदा नवा घाट दिला, तेव्हा तो ४३.३८ कॅरटचा उरला. त्याचे तेज वाढले हे खरे. परंतु निम्म्याहून अधिक हिरा कायमचा गेला. नव्या दागिन्यासाठी जुने रत्न घासावयाचे की रत्नाला शोभेल असे कोंदण करावयाचे, हा निर्णय म्हणूनच मालकास विचारल्यावाचून घेऊ नये.

सोन्याची पारख कसोटीच्या काळ्या दगडावर होते. जून २०२१ पासून देशाच्या अनेक जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांच्या विक्रीस हॉलमार्क ही सरकारमान्य खूण सक्तीची झाली. २२ कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा दिसतो. ही खूण सोन्याची शुद्धता सांगते. आपण दिलेलेच माणिक परत आले की नाही, हे मात्र ती सांगत नाही. रत्न जाणत्याकडून पारखून घ्यावे, त्याचे वजन, रंग व एखादा डाग असल्यास तोही टिपून ठेवावा. एवढी काळजी घेतल्यावर जे उरते, ते सोनाराच्या सचोटीवर सोपवावे लागते. हाती आलेली परक्याची ठेव आकाराने गुंजेएवढी असली, तरी ती जशीच्या तशी परत करणे हेच ह्या धंद्याचे मोठे भांडवल होय.

शब्दार्थ
मूस – धातू वितळवण्याचे पात्र. झाळणे – धातूचे सांधे उष्णतेने जोडणे. जिल्हई – झिलई, चकाकी. तेजाब – तीव्र आम्ल. करगोटा – कमरेस बांधावयाचा गोफ. सचोटी – प्रामाणिकपणा.

अभ्यास
१. सोन्यापेक्षा रत्न अधिक जपावे लागते, ते का?
२. नथीचे सोने आटवण्यापूर्वी मोती का काढून ठेवतात?
३. ‘कॅरट’ ह्या शब्दाचे दोन अर्थ उदाहरणांसह सांगा.
४. नस्सक हिऱ्याच्या हकिकतीवरून लेखात कोणता नियम सांगितला आहे? तो तुम्हांस पटतो काय? कारण द्या.
५. ‘कसास लागणे’ व ‘सोनाराने कान टोचणे’ ह्यांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
६. दुसऱ्याची वस्तू सांभाळावयास घेणाऱ्या आणखी एखाद्या कारागिराची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.