रांगेचा रोग : घरचे इंटरनेट खेळाच्या वेळी का अडखळते

संध्याकाळची आठ-नऊची वेळ असते. घरातील मुलगा संगणकावर दूरच्या मित्रांबरोबर खेळत असतो. त्याने बंदुकीचा चाप ओढला तरी गोळी अर्ध्या सेकंदाने सुटते. समोरचा प्रतिस्पर्धी क्षणभर जागीच गोठतो आणि लगेच भलत्याच ठिकाणी दिसू लागतो. मुलाची तक्रार ऐकून वडील अधिक वेगाची आणि अर्थातच अधिक दराची जोडणी घेतात. पंधरा दिवसांत तक्रार पुन्हा सुरू होते. सेवा पुरविणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ येऊन वेग मोजतो. तो करारात लिहिल्याप्रमाणे पुरेपूर भरतो. मुलगा कुरकुर करण्यासाठी निमित्त शोधतो आहे, असा निष्कर्ष मग घरात काढला जातो. वस्तुतः तंत्रज्ञही खोटे बोलत नसतो आणि मुलगाही खोटे बोलत नसतो. दोघे दोन निरनिराळ्या गोष्टींविषयी बोलत असतात. या दोन गोष्टींतील भेद ध्यानी आला म्हणजे दोष शोधण्याचा मार्ग मोकळा होतो आणि पुष्कळदा पैशांचा अपव्ययही टळतो.

क्षमता आणि विलंब

जाहिरातीत ज्याला ‘वेग’ म्हटले जाते ती खरे पाहता जोडणीची क्षमता होय. सेकंदाला १०० मेगाबिट याचा अर्थ एका सेकंदात इतकी माहिती या वाटेने जाऊ शकते, एवढाच. एखादा संदेश निघाल्यापासून त्याचे उत्तर परत येईपर्यंत किती काळ लोटतो, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. या काळाला विलंब म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजतात. रस्ता रुंद केल्याने एकाच वेळी अधिक गाड्या जाऊ शकतात. परंतु गाव त्यामुळे जवळ येत नाही, आणि जकातनाक्यावर गाड्या खोळंबल्या असतील तर रुंदीचा उपयोगही होत नाही.

चित्रपट पाहणाऱ्याला क्षमता हवी असते. त्याचे यंत्र पुढील काही सेकंदांची चित्रे आधीच साठवून ठेवते. म्हणून मधला खोळंबा त्याला जाणवत नाही. खेळाची गोष्ट नेमकी उलट आहे. खेळाचे संदेश लहान असतात, काही डझन ते काही शे बाइटचे. ते सेकंदाला साधारणतः वीसपासून सव्वाशेपर्यंत वेळा ये-जा करतात. या सर्वांची बेरीज सेकंदाला एक मेगाबिटही भरत नाही. मात्र प्रत्येक संदेश वेळेवर पोचला पाहिजे, कारण पुढच्या क्षणी खेळाडू काय करील हे आधी साठवून ठेवता येत नाही.

विलंबाचा काही भाग निसर्गनियमांनीच ठरलेला असतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत जवळजवळ ३,९०० किलोमीटर आहे. तेव्हा जाऊन-येऊन सुमारे ४० मिलिसेकंद लागणारच. समुद्रतळावरील तारेची वाट वळणाची असल्याने प्रत्यक्षात याहून अधिक वेळ लागतो. दिल्लीहून मुंबईपर्यंतच्या फेरीस हाच हिशेब सुमारे १२ मिलिसेकंद येतो. म्हणून भारतातील खेळाडूने खेळाचा सर्व्हर निवडताना मुंबईचा पर्याय असल्यास तो सोडून युरोपातील सर्व्हर निवडू नये. अंतराचा हा विलंब मात्र स्थिर असतो आणि खेळाडू त्याला सरावतो. खेळ बिघडवितो तो चढउतार करणारा विलंब. तो अंतरातून उत्पन्न होत नाही, रांगेतून उत्पन्न होतो.

रांग कशी वाढते

डाकघराच्या एका खिडकीची कल्पना करावी. एक गृहस्थ शंभर पार्सले घेऊन उभे आहेत आणि त्यांच्यामागे एका बाईंना केवळ एक तिकीट हवे आहे. बाईंचे काम अर्ध्या मिनिटाचे, पण त्यांना तासभर तिष्ठावे लागते. खेळाचा लहानसा संदेश हा त्या बाईंसारखा आहे. घरातील कोणाचा फोन त्याच वेळी दिवसभरातील छायाचित्रे दूरच्या साठवणीत पाठवू लागला, की शंभर पार्सलांचे गृहस्थ रांगेत येऊन उभे राहिलेच.

ही रांग मोडेम किंवा राउटर यांच्या स्मृतीत लागते. त्या जागेला बफर म्हणतात. क्षणिक गर्दी सामावून घेण्यासाठी थोडा बफर आवश्यकच असतो. परंतु स्मृती स्वस्त झाली आणि एकही पॅकेट वाया जाऊ नये या सद्हेतूने यंत्रे बनविणाऱ्यांनी बफर मोठमोठे केले. याचा परिणाम साध्या अंकगणिताने समजतो. बफरात अडीच लाख बाइट मावतात, असे धरू. म्हणजे वीस लाख बिट झाले. घरातून बाहेर पाठविण्याची क्षमता सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर भरलेली रांग रिकामी होण्यास पूर्ण एक सेकंद लागेल, आणि खेळाचा प्रत्येक संदेश एक सेकंद उशिरा पोचेल. क्षमता पाचपट वाढवून १० मेगाबिट केली तरी २०० मिलिसेकंदांचा विलंब उरतोच, आणि नेमबाजीच्या खेळाला तेवढाही घातक ठरतो. वडिलांनी अधिक पैसे भरूनही तक्रार का राहिली, याचे उत्तर येथे मिळते.

रांग मुळात भरते का, हेही पाहिले पाहिजे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांमधील जोडणी गर्दीने कोलमडली. दोन ठिकाणांतील अंतर अवघे ४०० यार्ड. परंतु सेकंदाला ३२ हजार बिटांची वाहतूक ४० बिटांवर आली. व्हॅन जेकबसन यांनी याचा शोध घेऊन १९८८ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. पाठविणाऱ्या संगणकाने आपला ओघ हळूहळू वाढवीत न्यावा आणि एखादे पॅकेट हरवले की ती गर्दीची खूण समजून हात आखडता घ्यावा, असे त्याचे स्वरूप होते. इंटरनेटवरील शिस्त आजही बव्हंशी या जातीच्या नियमांवर उभी आहे. मोठा बफर ही शिस्तच बिघडवितो. पॅकेट हरवत नाही, म्हणून पाठविणाऱ्याला गर्दीची खबर लागत नाही. तो ओघ वाढवीतच राहतो आणि रांग काठोकाठ भरलेली राहते.

या दोषाकडे सर्वांचे लक्ष वेधले ते बेल लॅब्जमधील जिम गेटिस यांनी. २०१० मध्ये घरून मोठ्या फाइली पाठवीत असताना विलंब एका सेकंदापलीकडे जातो, हे त्यांना आढळले. त्यांनी कसून मोजमाप केले तेव्हा दोष तारेत नसून अवाजवी मोठ्या बफरांत आहे, असे निष्पन्न झाले. या रोगाला त्यांनी ‘बफरब्लोट’, म्हणजे बफरांची सूज, असे नाव दिले.

दोष शोधण्याची रीत

निदानासाठी ‘पिंग’ नावाचे छोटे साधन पुरते. माइक म्यूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले आणि पाणबुड्यांचा वेध घेणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्याला हे नाव दिले. दिलेल्या पत्त्यावर हाक घालावयाची आणि प्रतिसादास किती मिलिसेकंद लागले ते सांगावयाचे, एवढेच त्याचे काम. ते जवळजवळ प्रत्येक संगणकात असते. पुढील चाचण्या क्रमानेच कराव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत.

पहिली चाचणी घरातल्या घरात. संगणक तारेने राउटरला जोडून राउटरलाच पिंग करावे. उत्तर एक मिलिसेकंदाच्या आसपास यावे. नंतर तार काढून वाय-फायवरून तीच चाचणी करावी. आकडे दोन ते पाचच्या दरम्यान स्थिर राहिले तर चिंता नाही. ते मधूनच पन्नास-शंभरावर उडी घेऊ लागले तर दोष हवेतील लहरींचा आहे, बाहेरच्या तारेचा नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच धरल्या जातात (१, ६ आणि ११), आणि दाट वस्तीच्या इमारतीत दहा-पंधरा बिऱ्हाडांचे राउटर त्यांवरच बोलत असतात. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात गोंगाट करते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण भिंतींतून तो कमी जातो. खेळाच्या यंत्रासाठी खात्रीचा उपाय म्हणजे तार. घरी दोन्ही दिशांनी भरपूर क्षमता देणारी प्रकाशतंतूची जोडणी असेल, तर दोष बहुधा याच टप्प्यावर सापडतो. कारण रांग नेहमी सर्वांत अरुंद जागी लागते आणि अशा घरात ती जागा वाय-फायची असते.

दुसरी चाचणी भाराची. तार जोडलेलीच ठेवून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग करीत राहावे. घरातील इतर सर्व यंत्रे प्रथम स्वस्थ असू द्यावीत. मग एक मोठी फाइल बाहेर पाठवावी आणि थोड्या वेळाने एक मोठी फाइल उतरवून घ्यावी. स्वस्थ असताना २० मिलिसेकंद दाखविणारा आकडा भार पडताच ३०० किंवा ५०० वर गेला आणि भार थांबताच खाली आला, तर बफरांची सूज सिद्ध झाली.

तिसरी चाचणी वेळेची. घरात कोणताही भार नसताना पहाटे आणि रात्री नऊ वाजता पिंग करून तुलना करावी. पहाटे ठीक आणि रात्री वाईट असे रोज होत असेल, तर रांग घराबाहेर, सेवा पुरविणाऱ्याच्या सामाईक जाळ्यात आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वाटेतील प्रत्येक टप्प्याचा विलंब दाखविणारी साधनेही मिळतात. त्यांत मधल्याच एखाद्या टप्प्याचा आकडा मोठा दिसला म्हणून त्यावर दोष ठेवू नये. मधले राउटर अशा हाकांना सवडीने उत्तर देतात. तेथून पुढे शेवटपर्यंत आकडे मोठेच राहिले, तरच ती खूण ग्राह्य मानावी.

उपाय

सर्वांत सोपा उपाय बिनखर्चाचा आहे. छायाचित्रांची पाठवणी आणि यंत्रांची अद्ययावतीकरणे मध्यरात्रीनंतर होतील अशी योजना करावी. परंतु घरातील प्रत्येकाच्या कामावर असा पहारा ठेवणे नेहमीच शक्य नसते.

खरा उपाय रांगेची व्यवस्था सुधारण्याचा आहे. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९३ मध्येच एक पद्धत सुचविली होती. पण तिचे आकडे जागोजागी जुळवावे लागत, म्हणून ती फारशी वापरात आली नाही. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे ती पाहत नाही. पॅकेटला किती वेळ थांबावे लागले हे पाहते. थांबण्याचा काळ ५ मिलिसेकंदांहून अधिक होऊन १०० मिलिसेकंद तसाच टिकला, तर ती एखादे पॅकेट टाकून देते. पाठविणाऱ्याला त्यातून वेळीच इशारा मिळतो. तिचीच पुढील आवृत्ती ‘एफक्यू-कोडेल’ ही निरनिराळ्या ओघांना निराळ्या रांगा देते. डाकघराच्या दृष्टान्तात सांगावयाचे तर तिकीट घेणाऱ्या बाईंना आता पार्सलांच्या मागे थांबावे लागत नाही. ‘केक’ ही आणखी सुधारलेली पद्धत २०१८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. या पद्धती असलेले राउटर बाजारात मिळतात; काही जुन्या राउटरांवर ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही मुक्त प्रणाली बसवूनही त्या वापरता येतात.

मात्र नवा राउटर नुसता जोडून भागत नाही. रांग मोडेममध्ये लागत असेल तर राउटरची शहाणी व्यवस्था निरुपयोगी ठरते. म्हणून राउटरमधील मर्यादा मोजलेल्या क्षमतेच्या सुमारे ९० टक्के ठेवावी. त्यामुळे सर्वांत अरुंद जागा राउटरमध्ये येते आणि रांग तेथेच, नियमाखाली, लागते. क्षमतेचा दहावा हिस्सा सोडून स्थिर विलंब मिळवावयाचा, असा हा सौदा आहे. त्यानंतर भाराची चाचणी पुन्हा करून आकडे वहीतील जुन्या आकड्यांशी ताडून पाहावेत.

तिसऱ्या चाचणीत दोष घराबाहेर आढळला असेल, तर घरातील कोणताही खर्च व्यर्थ आहे. अशा वेळी वही उपयोगी पडते. पंधरा दिवसांच्या तारखा, वेळा आणि आकडे समोर ठेवले, तर केवळ वेग मोजून परत जाणाऱ्या तंत्रज्ञाला प्रश्न टाळता येत नाही. आणि सेवा बदलावयाची असल्यास निर्णयाला आधार मिळतो.

खेळाच्या निमित्ताने सुरू झालेला हा शोध खेळापुरता राहत नाही. दूरच्या शिक्षकाचा तास तुटक ऐकू येणे, पडद्यावरून डॉक्टरांशी बोलताना रुग्णाचे शब्द एकमेकांवर आदळणे, या तक्रारींचे मूळही पुष्कळदा त्याच भरलेल्या रांगेत असते. खेळणारा मुलगा तिची तक्रार सर्वांआधी करतो, कारण सेकंदाचा दहावा भागही त्याला जाणवतो. त्याचे म्हणणे हट्ट म्हणून झटकून न टाकता त्याच्या हाती वही द्यावी आणि चाचण्या त्यालाच करू द्याव्यात.