आधी तुझा आवाज ऐक

चि. भाचीस,


पुण्याच्या कंपनीची मुलाखत व्हिडिओ कॉलवर होणार, हे बरं झालं. धुळ्याहून रात्रभर बसमध्ये अवघडून जायचं, सकाळी कुठंतरी तोंड धुवायचं आणि तशाच पेंगुळल्या डोळ्यांनी साहेबांसमोर बसायचं, एवढं तरी वाचलं. तुझी सगळी तयारी आता कुठला ड्रेस घालू आणि मागची भिंत कशी दिसेल याभोवती चालली आहे. माझं सांगणं असं, की दिसण्याला द्यायचा वेळ आवाजाला दे. चित्र जरा अंधुक आलं तर समोरचे चालवून घेतात. आवाज तुटला की उत्तरच जातं.

आणि शब्द सगळे पोचले तरी नुकसान व्हायचं ते होतंच. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. तेच बोलणं काहींना स्वच्छ आवाजात ऐकवलं, काहींना डब्यातून आल्यासारख्या पत्रेदार आवाजात. शब्द दोन्हीकडे नीट कळत होते. तरीही पत्रेदार आवाजाचा माणूस ऐकणाऱ्यांना कमी हुशार, कमी विश्वासाचा आणि नोकरीला कमी लायक वाटला. दोष माइकचा, पण तो माणसाच्या नावावर चढला. यातली खरी अडचण अशी, की कॉलवर आपला चेहरा आपल्याला कोपऱ्यात दिसत असतो, केस विस्कटले तर लगेच सारखे करता येतात; आपला आवाज पलीकडे कसा पोचतो ते मात्र आपल्याला कधीच ऐकू येत नाही. म्हणून तो आधीच ऐकून ठेवायला हवा.

मे महिन्यात आपल्याकडे कूलरशिवाय बसवत नाही, पण त्याची घरघर माइक सगळी उचलतो. खोली आधी गार करून घे आणि कॉलच्या पाच मिनिटं आधी कूलर बंद कर. रिकाम्या भिंती आणि वर पत्रे असले की आवाज घुमतो, तेव्हा आजीच्या गोधड्या समोरच्या खाटेवर आणि खिडकीच्या गजांवर पसर. कॅमेऱ्यात त्या दिसणार नाहीत. महागडा माइक नको, वायरवाला साधा इअरफोन पुरे. ब्लूटूथवाल्यात माइक चालू झाला की बऱ्याचदा आवाजाचा दर्जा उतरतो. वीज गेली की राउटरही जातो, म्हणून मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून तपासून ठेव. रेंज फारच कमी झाली तर परवानगी मागून व्हिडिओ बंद कर. नुसत्या आवाजाला चित्राच्या मानाने फार थोडा डेटा लागतो, त्यामुळे तो तग धरतो. प्रश्न संपल्यावर एक श्वास थांबून बोल. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि घाई केली की दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात.

तू म्हणशील, ज्ञान बघायचं सोडून माइक बघतात, हा अन्याय आहे. आहेच. मुलाखत घेणाऱ्यांनी याचं भान ठेवायला हवं, आणि उद्या तू त्या खुर्चीत बसशील तेव्हा जरूर ठेव. पण त्यांची सवय तुझ्या हातात नाही, खोली आहे. विषयाचा अभ्यास तर हवाच. तो नीट ऐकू जावा म्हणूनच हा खटाटोप.

मात्र आवाज सुधारायचा म्हणजे बोलण्यातला खानदेश पुसायचा, असं मनात आणू नकोस. जळगावचं जयगाव होतं, डोळ्याचा डोया होतो, ही आपल्या बोलीची चाल आहे, दोष नव्हे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्याच बोलीत १९५२ मध्ये पुस्तकात आली आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. इंग्रजी बोलताना उसना हेल काढायला गेलीस की अर्धं लक्ष जिभेवर राहील आणि उत्तर लंगडं पडेल. सावकाश बोल, वाक्य पुरं कर, बास.

आज रात्री त्याच खोलीत, त्याच इअरफोनवर, स्वतःची ओळख करून देणारी दोन मिनिटं बोल आणि रेकॉर्डिंग मला पाठव. मी तपासून सांगतो कुठं घुमतंय ते. आणि आजीला सांगून ठेव, मुलाखत होईपर्यंत गोधड्या धुवायला काढू नकोस म्हणावं.

तुझा,
मामा