वकिलांचा जुना संगणक आणि मुक्त प्रणाली

प्रश्न : माझा जुना, चार जीबी रॅमचा संगणक विंडोज १० वर चालतो. त्यावर लिनक्स घालावे म्हणतो, कोणते निवडावे?
— एक वकील, धंतोली, नागपूर

उत्तर : विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आल्यामुळे आपली पृच्छा समयोचित आहे, आणि ज्या जिल्हा न्यायालयांत आपला नित्य राबता, तेथील ई-कोर्ट्स प्रकल्पानेच उबुंटू या लिनक्स प्रणालीचा अंगीकार पूर्वी केलेला असल्यामुळे, मुक्त प्रणाली म्हणजे हौशी मंडळींचा उद्योग, ही शंका आपण तरी बाळगू नये.

आपल्या यंत्राच्या मगदुरास लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती मानवेल. खुद्द उबुंटू त्यावर रडतखडत चालेल. सी-डॅकची बॉस ही लिनक्स प्रणाली स्वदेशी खरी, परंतु अडल्यास मदत मिंटच्या वापरकर्त्यांकडून लवकर मिळते.

खरी ग्यानबाची मेख आपल्या दप्तरात आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत लिहिलेले अर्ज, कैफियती व करारनामे, तो टंक नसलेल्या यंत्रावर लिनक्सवरील लिबरऑफिसमध्ये उघडताच निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसते; म्हणून विंडोज हयात असतानाच त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून, मूळ मजकुराशी, विशेषतः जोडाक्षरे व रफार, ताडून पाहावेत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लिनक्सवर चालते काय, याची शहानिशा पुरवठादाराकडे आधीच करावी. हार्डडिस्कला हात न लावता मिंट पेनड्राइव्हवरून चालवता येते. त्यावर छपाई व स्कॅनर तपासावेत. टोकन नच चालल्यास दोन्ही प्रणाली शेजारी ठेवाव्यात.