एंजिनाला येणारा ताप

घरात कोणाला ताप आला म्हणजे अनुभवी वैद्य एकदम औषधाच्या पुड्या बांधीत नाही. ताप केव्हा चढतो, केव्हा उतरतो, थंडी वाजून येतो की काय, असे प्रश्न तो आधी विचारतो. तापाची वेळ हेच त्याला रोगाकडे नेणारे पहिले चिन्ह असते. मोटारीच्या एंजिनाचेही असेच आहे.

खाचखळग्यांतून आणि चिखलातून चालावी म्हणून फेरफार केलेली एक जीपच्या जातीची गाडी आपण डोळ्यांपुढे आणू. तिला मोठी व जाड टायरे बसविली आहेत, तिची उंची वाढविली आहे, टपावर सामानाची जाळी आहे आणि पुढे ओढयंत्र व जादा दिवे लावले आहेत. गुरुग्राम आणि फरीदाबाद यांच्या जवळील अरवलीच्या वाटांवर ती दिवसभर संथपणे चढते-उतरते, तरी तिच्या तापमापकाचा काटा जागचा हलत नाही. मात्र मे महिन्यात तीच गाडी यमुना द्रुतगती महामार्गावर ताशी १०० कि.मी. वेगाने निघाली की पंधरा-वीस मिनिटांत काटा तांबड्या रेघेकडे सरकू लागतो. टेकडी चढताना जी तापत नाही, ती सपाट रस्त्यावर का तापावी?

या गाड्यांची घडण

दुसऱ्या महायुद्धात प्रसिद्धीस आलेल्या विलिस जीपचे एंजिन ६० अश्वशक्तीचे होते आणि तिचा कमाल वेग ताशी सुमारे १०५ कि.मी. होता. १९४७ साली महिंद्र उद्योगाने मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली. पुढे १९८५ साली मारुतीच्या गुडगाव येथील कारखान्यातून जिप्सी ही हलकी गाडी बाहेर पडली. या सर्व गाड्यांचा पहिला हेतू वाईट रस्त्यांवरून पार होणे हा होता. वाऱ्याला चिरीत धावणे हा नव्हता. म्हणूनच त्यांचा दर्शनी भाग उभा व सपाट असतो.

यमुना महामार्ग २०१२ साली खुला झाला. ग्रेटर नोइडा ते आग्रा ही त्याची लांबी १६५ कि.मी. आहे, आणि हिवाळ्यातील धुक्याचे दिवस वगळता हलक्या वाहनांना तेथे ताशी १०० कि.मी. वेगाची मर्यादा आहे. जुन्या जीपने जो वेग जेमतेम गाठावा, तो आजच्या रस्त्यावर तासन्‌तास राखण्याचा वेग झाला आहे. आपल्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

उष्णतेचा जमाखर्च

पेट्रोल जळून जी ऊर्जा मुक्त होते तिचे स्थूलमानाने तीन वाटे पडतात. एक वाटा चाके फिरविण्याच्या कामी येतो, दुसरा धुराबरोबर बाहेर जातो आणि तिसरा सिलिंडरांच्या भिंतींतून त्यांच्याभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. हे पाणी पंपाच्या जोराने रेडिएटरमध्ये जाते, तेथील बारीक नळ्यांतून वाहताना आपली उष्णता हवेला देते आणि निवून एंजिनाकडे परत येते. पाण्यात उतरणारी उष्णता ही जमा, आणि रेडिएटर हवेला देतो ती उष्णता हा खर्च. दोन्ही बाजू समान असतील तोवर काटा स्थिर राहतो. जमा वाढली किंवा खर्च घटला की काटा चढतो. एंजिन तापण्याची सर्व कारणे या दोहोंपैकी एका सदरात पडतात, आणि कारण कोणत्या सदरातील आहे हे ओळखणे म्हणजेच निदान.

जमेची बाजू

वेगाबरोबर हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग असल्यामुळे हवा कापण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जीपसारख्या चौकोनी गाडीला ताशी ६० कि.मी. वेगाला हवेसाठी सुमारे ३ किलोवॉट शक्ती लागत असेल, तर १०० कि.मी. वेगाला १४ किलोवॉट लागते. टायरांच्या घर्षणासाठी आणखी ५ किलोवॉट धरले म्हणजे मूळ स्थितीतील गाडीची गरज १९ किलोवॉट होते.

आता फेरफारांचा हिशेब पाहू. वाढविलेली उंची, टपावरील जाळी व दिवे यांमुळे हवेचा विरोध पाव हिश्शाने वाढला असे मानू. चिखलासाठी केलेली खोल खाचांची टायरे सपाट रस्त्यावर अधिक शक्ती खातात. यांत एक छुपी गोष्ट आहे. मूळ चाकाचा व्यास ६७ सें.मी. होता आणि नव्या चाकाचा ७३.५ सें.मी. आहे असे समजा. वेगमापक चाकांचे फेरे मोजतो, त्याला व्यास ठाऊक नसतो. त्याचा काटा १०० दाखवितो तेव्हा गाडी वास्तविक ताशी ११० कि.मी. वेगाने धावत असते. १.१ चा घन सुमारे १.३३, म्हणजे चालकाच्या नकळत हवेचा भार आणखी एक तृतीयांशाने वाढला! या सर्वांची बेरीज केली असता १९ किलोवॉटऐवजी सुमारे ३२ किलोवॉट लागतात. जितकी शक्ती चाकांकडे जाते साधारण तितकीच उष्णता पाण्यात उतरते, हे लक्षात घेतले म्हणजे रेडिएटरवरील बोजा दीडपटीहून अधिक झाला हे उघड आहे.

टेकडी चढताना एंजिन कष्ट करते खरे. परंतु वेग माणसाच्या चालीइतका असल्यामुळे दर सेकंदाला होणारे काम, म्हणजेच शक्ती, थोडीच असते.

खर्चाची बाजू

रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल हे, इतर गोष्टी समान असता, पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंश सेल्सिअसवर आहे असे धरा. दिल्लीत जानेवारीच्या सकाळी हवा १० अंशांवर असेल तर फरक ८० अंशांचा. मे महिन्याच्या दुपारी ती ४५ अंशांवर असेल तर फरक केवळ ४५ अंशांचा. त्याच रेडिएटरची क्षमता निम्म्याच्या जवळ आली. जी गाडी थंडीत आग्र्याला सुखाने जाऊन येते ती उन्हाळ्यात वाटेत उकळते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. एकही भाग मोडलेला नसतो. वर्षभर लपून राहिलेली तूट त्या दिवशी उघडी पडते.

मापक खरे बोलते काय?

कोणताही भाग उघडण्यापूर्वी मापकाची साक्ष तपासावी. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश तापमान नोंदविले. दुसऱ्याच दिवशी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखविला. देशभर खळबळ उडाली. परंतु हवामान खात्याने तपासणी केली तेव्हा मुंगेशपूरचे उपकरण प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे ३ अंश अधिक दाखवीत असल्याचे आढळले, आणि नागपूरचा आकडाही सदोष उपकरणाचा ठरला. जी चूक हवामान केंद्रात होऊ शकते ती गाडीच्या जुन्या तापमापकात सहज होईल. म्हणून दुसऱ्या, स्वतंत्र तापमापकाने खात्री करून घ्यावी. अवरक्त किरणांचा तापमापक वापरल्यास तो काळ्या रबरी नळीवर धरावा. चकचकीत धातूवर तो फसतो.

लक्षणांवरून निदान

आता ताप केव्हा चढतो हे विचारू. गर्दीत, थांबत-थांबत चालताना गाडी तापत असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. कारण तेथे हवा ओढणारा तोच एक असतो. महामार्गावर मात्र वाऱ्याचा झोत आपोआप मिळतो. तेथे पंख्याचा दोष सहसा नसतो. तीन प्रकारची कारणे उरतात : पाणी पुरेसे वाहत नाही, हवा रेडिएटरमधून पार होत नाही, किंवा उष्णताच प्रमाणाबाहेर निर्माण होते.

पहिल्या दोहोंतील भेद नळ्या सांगतात. रेडिएटरच्या वरच्या व खालच्या नळीवर एकेक तापमापक बांधून त्यांच्या तारा आत आणाव्यात आणि धावत्या गाडीत सोबत्याने आकडे लिहून घ्यावेत. वरची नळी फार गरम व खालची बरीच थंड असेल, तर पाणी रेंगाळत आहे. थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नसेल, पंपाची पाती झिजली असतील किंवा रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचले असतील. गुरुग्रामकडील कूपनलिकांचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले असता चुन्याचा थर बसतो आणि तो उष्णतेचा वाईट वाहक असतो. खालची नळी जुनी व मऊ झाली असेल तर वेगात पंपाच्या शोषणाने ती चेपते आणि गाडी थांबताच पूर्ववत होते, त्यामुळे हा दोष वर्कशॉपमध्ये सापडत नाही.

याउलट दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच तापल्या असतील, तर पाणी वाहते आहे पण हवा उष्णता नेत नाही. पुढील ओढयंत्र, दिव्यांची पट्टी, पंख्यांत वाळलेला चिखल, रेडिएटरच्या कडांवरील गळालेल्या पट्ट्या हे येथे अपराधी असतात. हवेला आत येण्याइतकीच बाहेर जाण्याचीही वाट हवी. एंजिनाखाली सलग पत्रा ठोकला असता ती वाट बुजते.

तिसऱ्या प्रकारात ठिणगीची चुकलेली वेळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणे, घासणारे ब्रेक आणि चुकून चारही चाकांना जोडलेला गिअर यांचा समावेश होतो. हेड गॅस्केट फुटले असल्यास जळालेला वायू पाण्यात शिरतो. यासाठी एक सुंदर रासायनिक कसोटी आहे. रेडिएटरच्या तोंडावरील हवा निळ्या दर्शक द्रवातून ओढतात. तीत कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा पडतो. शाळेतील चुन्याच्या निवळीच्या प्रयोगाचेच हे भावंड होय.

रस्त्यावरील कसोटी

त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, त्याच वेगाने गाडी चालवावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम पुढील दिवे काढावेत व पाहावे. नंतर वातानुकूलन बंद करावे व पाहावे. मग तोच वेग राखून एक गिअर खाली घ्यावा : भार तितकाच राहतो, पण पंप जलद फिरतो. तापमान उतरले तर पाण्याचा प्रवाह अपुरा होता. चढले तर चेपणाऱ्या नळीची शंका घ्यावी. एकाच दिवशी नवा पंप, नवा थर्मोस्टॅट आणि मोठा रेडिएटर बसविणाऱ्याची गाडी कदाचित बरी होईल, परंतु तिला काय झाले होते हे त्याला कधीच कळणार नाही; आणि मूळ कारण ओढयंत्राच्या आडोशाचे असेल तर पुढील मे महिन्यात ताप पुन्हा येईल.

सावधगिरी आणि इलाज

काटा चढू लागताच वेग ६० वर आणावा, वातानुकूलन बंद करून गाडीतील हीटर पूर्ण सुरू करावा. तो एक छोटा रेडिएटरच आहे. काटा तांबड्या रेघेला टेकला तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबून एंजिन बंद करावे. तसेच दामटल्यास सिलिंडरांचे डोके वाकते. रेडिएटरचे झाकण गरम असता कदापि उघडू नये. झाकणाच्या सुमारे ०.९ बार दाबामुळे आतील पाणी ११५ अंशांवरही उकळत नाही. झाकण निघताच दाब जातो आणि दर लिटर पाण्यामागे चाळीस लिटरांहून अधिक वाफ क्षणार्धात उसळते. तोंड व हात भाजण्याचे अपघात याच कारणाने होतात. तापलेल्या एंजिनावर थंड पाणीही ओतू नये. धातूला तडा जातो.

इलाज अनेकदा काही बसविण्यात नसून काढण्यात असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ घडणीत मनमानी फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व स्पष्ट केले. अभियंत्याने रेडिएटर, टायर आणि दर्शनी भाग यांचा एकत्र हिशेब करून गाडी घडविलेली असते. त्यातील एक आकडा आपण बदलला की उरलेला हिशेब पुन्हा मांडण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

स्वाध्याय

१. चाकाचा व्यास ६७ सें.मी. ऐवजी ७७ सें.मी. केला. वेगमापक ८० दाखवीत असता गाडीचा खरा वेग किती?

२. पाणी ९० अंशांवर आहे. हवा २० अंशांवरून ४४ अंशांवर गेली तर रेडिएटरची क्षमता किती हिश्शाने घटेल?

३. एक गाडी चौकात तापते, पण महामार्गावर निवते. दोष कोठे असावा? कारणासह लिहा.