प्रसारित संगीताचे ध्वनिमुद्रण : श्रोत्याची मुभा आणि तांत्रिक कुलूप

झाशीतील एखाद्या श्रोत्याने आकाशवाणीच्या स्थानिक केंद्रावरून प्रसारित झालेले गीत घरी ध्वनिमुद्रित केले, तर कायद्याचा भंग होतो काय? या प्रश्नाचे उत्तर कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये शोधावे लागते.

हक्कांची रचना

एकाच प्रसारणात अनेकांचे हक्क गुंतलेले असतात. गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत ६० वर्षे, गायक-वादकांच्या हक्काची ५० वर्षे, तर कलम ३७ नुसार प्रसारण संस्थेच्या हक्काची २५ वर्षे आहे.

या हक्कांना मर्यादाही आहेत. स्वतःच्या खासगी वापरासाठी, तसेच केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण कलम ३९ नुसार प्रसारण संस्थेच्या किंवा कलावंताच्या हक्काचा भंग ठरत नाही. मूळ गीत-संगीताबाबत कलम ५२ मधील खासगी वापरासाठीच्या उचित व्यवहाराची तरतूद लागू होते. मात्र त्याच ध्वनिमुद्रणाच्या प्रती काढून विकल्यास हे संरक्षण उरत नाही.

तांत्रिक कुलूप

रेडिओच्या खुल्या प्रसारणाला कुलूप नसते. अ‍ॅपवरील संगीत मात्र सांकेतिक रूपात बंदिस्त असू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद करते. परंतु त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठीची कृती या कलमातून वगळलेली आहे. अशा कामी दुसऱ्यास मदत करणाऱ्याने मात्र त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व हेतू यांची पूर्ण नोंद ठेवणे बंधनकारक आहे.

येथेच खरी अडचण आहे. कायदा मुभा देतो. पण कुलूप उघडून देण्याचे बंधन हक्कधारकावर घालत नाही. तांत्रिक ज्ञान नसलेल्या श्रोत्याची मुभा त्यामुळे कागदावरच राहू शकते.

आर्थिक बाजू

प्रत्येक घरातील ध्वनिमुद्रणावर देखरेख ठेवणे अतिशय खर्चिक असते. हे ओळखून जर्मनीने १९६५ मध्ये ध्वनिमुद्रण उपकरणांवर शुल्क बसविले व त्यातून हक्कधारकांना मोबदला दिला. भारतात असे शुल्क नाही. त्यामुळे खासगी प्रतीबद्दल निर्मात्यास मोबदला मिळत नाही आणि कुलूप लावण्याची प्रेरणा वाढते.

निर्मात्याला मोबदला आणि श्रोत्याला मुभा, या दोहोंचा मेळ घालणे हे कॉपीराइट धोरणाचे उद्दिष्ट आहे. केवळ कुलपाने ते साध्य होणार नाही.