अजिंठ्याचे तारू आणि अंबाडीचा दोर

आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नाही. पैनगंगेचा पूर आणि धरणातील मासेमारांची होडी, एवढीच त्यांची नौकेशी ओळख. अशा मुलामुलींच्या हातून शिडाच्या लाकडी जहाजाची जी प्रतिकृती घडली, ती आज ग्रंथालयातील लांब मेजावर उभी आहे. स्नेहमेळाव्यास येणारे माजी विद्यार्थी तिच्याविषयी विचारतात. त्यांच्यासाठी व पालकांसाठी हा लेख.

आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेच्या हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे संघास अर्पण केले. त्याचा शिलालेख तेथे आजही आहे. त्याच पाचव्या शतकातील २ क्रमांकाच्या लेण्यात, उजव्या भिंतीवर, एक जहाज रंगविलेले आहे. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच व अरुंद शिडे, नाळेपाशी फुगलेले आणखी एक शीड, नाळेवर रंगविलेला डोळा, मागील बाजूस सुकाणूची वल्ही आणि ओळीने मांडलेले रांजण. सहलीत आमची मुले या चित्रासमोर बराच वेळ थांबली. पद्मपाणीसमोरसुद्धा ती इतकी थांबली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे.

चित्राची कथा 'दिव्यावदाना'तील पूर्णाची आहे. शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा, येथील व्यापाऱ्यास दासीपासून झालेला हा मुलगा. आजारी बापाला पत्नी व मुलांनी टाकले, तेव्हा त्याची शुश्रूषा केली ती या दासीने. तथापि वाटणीच्या वेळी भावांनी पूर्णाला वाटा तर दिला नाहीच, उलट मालमत्तेप्रमाणे त्यालाच वाटणीत धरले. थोरल्या भाविलाने मात्र घरदार सोडून आपला वाटा म्हणून पूर्णाला घेतले. पुढे पूर्ण भिक्षू झाला. आणि चंदन आणावयास गेलेल्या भाविलाचे जहाज वादळात सापडले, तेव्हा त्याच्या रक्षणास तोच धावून गेला. जहाजाच्या कथेचा नायक दासीपुत्र आहे, हे कळल्यावर वर्गातील शांतता आम्हास अद्याप आठवते.

एका मुलीने विचारले, "सर, समुद्र ओलांडणे पाप होते ना?" प्रश्न योग्यच होता. बौधायन धर्मसूत्र समुद्रप्रवासाला पातक म्हणते, मनुस्मृती समुद्रप्रवाशास श्राद्धाच्या पंक्तीतून वगळते. पण निषेधाचा नियम वाचून समाज कसा वागत होता हे कळत नाही. किंबहुना, कोणीतरी जातच होते, म्हणून तर निषेध करावा लागला. भिंतीवरचे जहाज हा त्या जाणाऱ्यांचा पुरावा आहे.

पण तो पुरावा किती सांगतो? हे समजण्यासाठीच आम्ही प्रतिकृती करावयास घेतली. अशा जहाजाचा आराखडा किंवा सांगाडा उरलेला नाही. आहे ते केवळ चित्र. याच चित्राच्या आधारे गोव्यात 'होडी इनोव्हेशन्स'ने भारतीय नौदलासाठी एक जहाज बांधले. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली खिळ्यांवाचून, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ते सिद्ध झाले. मद्रासच्या आयआयटीत त्याच्या प्रतिकृतीची पाण्यात चाचणी झाली. 'कौंडिण्य' या नावाने ते २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले, २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. त्याची लांबी १९.६ मीटर, रुंदी ६.५ मीटर. आम्ही विसास एक हे प्रमाण धरले: लांबी ९८ सेंटिमीटर, रुंदी साडेबत्तीस.

मुलांनी एका वहीत दोन रकाने आखले: 'चित्रात दिसते' आणि 'आम्ही ठरविले'. डोळा, वल्ही, शिडे पहिल्या रकान्यात गेली. डोलकाठी तळाशी कशी बसविली, दोर कोठे बांधले, फळ्या किती जाड, हे सारे दुसऱ्यात. दुसरा रकाना लवकरच लांब झाला. इतिहासाचा पाठ आम्ही इतकी वर्षे शिकवितो, परंतु साधन आणि अनुमान यांतील भेद या वहीइतका स्पष्ट आम्हास फळ्यावर कधी मांडता आला नाही.

बांधणीत आधी तळाचा कणा, मग त्याला कडेने जोडत नेलेल्या फळ्या, आणि शेवटी आतील फासळ्या. शिवलेल्या नौकेत कवच आधी आणि सांगाडा नंतर, हा क्रम मुलांना उलटा वाटला. सागाच्या पातळ पट्ट्या कढत पाण्यात भिजवून वाकविल्या. घाई केली तेथे त्या चिरल्या. कडेला छिद्रे पाडून, सांध्यावर काथ्याची वळी दाबून, दोऱ्याने टाके घातले आणि वरून राळ लावली. पहिले कवच वाकडे झाल्याने मोडावे लागले.

खरी अडचण दोरांनी केली. प्रत्येक डोलकाठीला नाळेकडून, मागून व दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे दोर लागतात. शिवाय शीड चढविण्याचे व वाऱ्याप्रमाणे वळविण्याचे वेगळे. बाजारातील नायलॉनच्या गाठी घसरत. तेव्हा एका विद्यार्थ्याने हळूच सांगितले की, त्याचे आजोबा अंबाडीचा दोर वळीत. मातंग समाजातील हे गृहस्थ. मोटेचे नाडे आणि बैलांची दावी वळण्यात त्यांचे तारुण्य गेले. आम्ही घरी गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "सर, आमी जे सोडलं, ते पोराईले कायले शिकवता?"

आम्हास उत्तर सुचले नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या आजोबांनी गावकीची कामे सोडली, त्याचा अभिमान सांगतच आम्ही मोठे झालो. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. ते आम्ही दरवर्षी शिकवितो. मग ज्याच्या घरातून दोर सुटला, त्याच्याच नातवाच्या हाती तो पुन्हा द्यावा काय? आम्ही विषय सोडून परतलो.

आठवड्याने ते स्वतःच शाळेत आले, बगलेत वाखाची जुडी घेऊन. त्यांनी एकच अट घातली: "एकट्या माह्या नातवाले बसवू नका. बसवाचं त समद्याइले बसवा." त्या रविवारी साऱ्या जातींची मुलेमुली, आणि आम्ही शिक्षकही, व्हरांड्यात बसलो. प्रत्येक पदराला एका दिशेने पीळ, आणि तीन पदर एकत्र वळताना उलट दिशेने. दोन पीळ एकमेकांना अडवितात म्हणून दोर उलगडत नाही. सायंकाळपर्यंत आमचे तळवे सोलले. बाबांनी आमचा दोर हातात घेऊन पाहिला आणि हसून बाजूला ठेवला. प्रतिकृतीवर जो आहे तो मुलींनी वळलेला.

पुढल्या पावसाळ्यात एक गोष्ट ध्यानी आली. ओलाव्याने अंबाडी आखडते. दोर इतके ताणले की पुढची डोलकाठी वाकू लागली. खऱ्या जहाजावरही ओल्या हवेत दोर सैल करावे लागत असतील, अशी नोंद मुलांनी वहीत केली, अर्थात दुसऱ्या रकान्यात. तेव्हापासून मृग लागला की इयत्ता आठवीची मुले सहाही बाजूचे दोर दोन बोटे सैल करतात आणि दिवाळीनंतर पुन्हा ताणतात.