कांद्याच्या फुलोऱ्यावरील कीटकगणना

प्रश्न : आमच्या परिचितांच्या विषमुक्त शेतात बियाण्याचा कांदा फुलोऱ्यात आला आहे. शास्त्रीय शिक्षण नसताना परागवाहक कीटकांच्या गणनेस मी स्वयंसेविका म्हणून उपयोगी पडेन काय?

उत्तर : निःसंशय पडाल. कांद्याच्या फुलातील पुंकेसर स्त्रीकेसराच्या आधी पक्व होत असल्यामुळे पराग एका फुलावरून दुसऱ्यावर पोहोचविण्यास कीटकच लागतात, आणि म्हणून हे पीक अशा पाहणीस विशेष अनुकूल होय. निरभ्र, निवांत सकाळी अर्धा मीटर लांबीरुंदीचा चौकोन आखून, ब्रिटनमधील स्वयंसेवक करतात त्याप्रमाणे, त्यातील फुलांवर प्रत्यक्ष उतरणारे कीटक दहा मिनिटे मोजावेत. सातेरी, फुलोरी व आग्या ह्या मधमाश्या थोड्या सरावाने ओळखता येतात. परंतु फुलांवर येणाऱ्या काही माश्या रूपाने हुबेहूब मधमाशीसारख्या असल्या, तरी त्यांना पंखांची एकच जोडी असते, ह्याची खातरजमा केल्याखेरीज नोंद करू नये. ओळख न पटल्यास तसे स्पष्ट लिहावे, कारण अंदाजाची एक नोंद साऱ्या दफ्तराची विश्वसनीयता घालविते. एकही कीटक न आल्यास शून्य अवश्य मांडावे. तेही तितकेच मोलाचे आहे. तारीख, वेळ, हवामान आणि शेजारच्या शिवारात फवारणी झाली असल्यास तिचा तपशील सोबत असावा. आग्या मोहोळाच्या जवळ मात्र जाऊ नये.